आधी नेमणुकीचं कलम वाच

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशी सरकारच्या पैशातून तुमच्या विद्यापीठात भाषाकेंद्र निघतंय आणि कराराचा मसुदा तुझ्या टेबलावर आलाय, हे वाचून बरं वाटलं. पैसे घ्यावेत का, असं विचारलंस. घ्यावेत. १९५०च्या भारत-अमेरिका करारातून आलेल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीने आपल्याकडच्या कितीतरी अभ्यासकांना जग दाखवलं. आपलं सरकारही आयसीसीआर म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत परदेशी विद्यापीठांत अध्यासनं चालवतंच. आपली भाषा चार लोकांनी शिकावी असं वाटण्यात गैर काय?

पण ब्रागाची गोष्ट ऐक. जुलै २०१४, पोर्तुगाल, युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद. खर्चाला हातभार चीन सरकारच्या हानबानचा, म्हणजे कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट ही चिनी भाषेची केंद्रं तेव्हा चालवणाऱ्या कार्यालयाचा, आणि तैवानच्या एका प्रतिष्ठानचाही. हानबानच्या प्रमुख शू लिन यांना छापील पुस्तिकेत तैवानचं नाव खटकलं. त्यांच्या सांगण्यावरून ती पानं चक्क फाडून काढली. नंतर आलेल्या प्राध्यापकांच्या हातात पानं फाडलेल्या पुस्तिका पडल्या. परिषद त्यांची, पाहुणे त्यांचे, आणि पानं फाडणारा तिसराच!

पुण्यातलं जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन स्वतःच्या जागेत, स्वतःच्या नावाने शिकवतं. कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट बसते विद्यापीठाच्या आवारात. शिक्षक आणि पुस्तकं तिकडून, नाव मात्र विद्यापीठाचं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१३ मध्ये आपलं केंद्र बंद केलं ते नेमणुकीच्याच मुद्द्यावर: चीनमध्ये बंदी असलेल्या फालुन गाँग पंथाचा माणूस शिक्षक म्हणून चालणार नव्हता. शिकागोत शंभरावर प्राध्यापकांनी विरोधात सह्या केल्या आणि २०१४ मध्ये तिथलाही करार पुढे वाढला नाही.

तेव्हा रक्कम मागाहून बघ. शिक्षक कोण निवडणार, काढणार कोण, अभ्यासक्रम तुमच्या अभ्यासमंडळापुढे येणार की नाही, हे आधी शोध. करार गोपनीय ठेवायची अट दिसली तर पेन्सिलीने रेघ मारून थेट कुलसचिवांकडे जा.

आणि निधी थांबला तर चालू तुकडीचं काय, तेही लिहून घे. आमच्याकडे मी ते घेतलं नव्हतं. बाहेरून आलेल्या शिक्षकाने दोन वर्षं जीव ओतून शिकवलं, मग निधी आटला, तो परत गेला आणि अकरा मुलं मधेच राहिली. त्यातली एक अजून भेटते, अडखळत का होईना, त्याच भाषेत बोलते माझ्याशी.

मसुदा घेऊन रविवारी ये. बसून वाचू.

तुझे सर