कुंभार्ली घाट चढताना जुन्या बीएमडब्ल्यू एक्स-५चा गिअरबॉक्स तापून झटके देतो. बदलावाच लागेल का?

लगेच नाही. २००८च्या गाडीत झेडएफ या जर्मन कंपनीचा ६-स्पीड ऑटोमॅटिक बॉक्स आहे. आधी स्कॅनरवर बिघाडाचे कोड वाचून घ्या, मग गिअरबॉक्सचं तेल बदला. तेल 'लाइफटाइम' आहे, म्हणजे कधीच बदलावं लागत नाही, या शब्दावर विसंबू नका. झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमीला तेल बदलायला सांगते.

बॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन प्लॅस्टिकचा, फिल्टर त्यातच, म्हणून अख्खा पॅन बदलतात. मेकॅट्रॉनिकची (बॉक्समधल्या कंट्रोल युनिटची) कनेक्टर स्लीव्हही त्याच वेळी नवी टाका, तिथून तेल झिरपतं. झेडएफचं लाइफगार्ड-६ तेलच भरा. लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल ४० अंशांच्या आसपास असतानाच बघायची. चिपळूणच्या मे महिन्यात तेल पटकन तापतं, म्हणून हे काम सकाळीच उरकावं.

पॅनमधल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी गाळ असेल तर काळजी नको. चकाकते कपटे दिसले किंवा तेलाला जळका वास आला, तर मात्र बॉक्स उघडावाच लागेल. तोवर घाटात नेऊ नका.