बर्ट असिराटी: निकाल ठरलेले, पण पैलवान खरा

तुमचा प्रश्न असा की, जुन्या ब्रिटिश प्रोफेशनल कुस्तीतले निकाल आधीच ठरलेले असायचे, मग बर्ट असिराटीला एवढं मोठं का मानायचं? पहिला भाग बराचसा खरा आहे. पण असिराटीला जे मानतात ते त्याच्या निकालांमुळे नाही, त्याच्या ताकदीमुळे.

1908 साली लंडनच्या इझलिंग्टनमध्ये, इटालियन वंशाच्या घरात त्याचा जन्म झाला. कुस्तीत येण्याआधी तो जोडीदाराबरोबर रंगमंचावर कसरती करायचा. हा पाया लक्षात घेतल्याशिवाय पुढचा असिराटी कळत नाही. उंची जेमतेम साडेपाच फूट, वजन 110 किलोच्या आसपास, आणि या वजनाने तो वरून टांगलेल्या दोन कड्यांवर (जिम्नॅस्टिक्सच्या रिंगांवर) आयर्न क्रॉस करायचा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरायचे, कोपर सरळ ठेवायचं आणि सगळं शरीर तसंच अधांतरी धरायचं. कोपर किंचित वाकवून सवलत घेतली की क्रॉस मोडला. सगळा भार खांदा आणि छातीच्या स्नायूंवर येतो, म्हणून हा प्रकार करणारे जिम्नॅस्ट साठ-पासष्ट किलोचे, हलके असतात. असिराटी जवळपास दोघांचं वजन घेऊन तो करत होता. पाठीवर अडीचशे किलो घेऊन दहा बैठका मारल्याचंही सांगतात, पण मला विचाराल तर त्याची खरी ओळख क्रॉसच. बैठकांना जाड मांड्या उपयोगी पडतात, क्रॉसला मात्र अंगावरचं वजन शत्रूच असतं.

आता निकालांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा गाजलेला पैलवान हॅकनश्मिट, त्याच्या काळातली कुस्तीची लाट ब्रिटनमध्ये कधीच ओसरली होती. 15 डिसेंबर 1930 ला 'ऑल-इन', म्हणजे जवळपास सगळे डाव चालणारी कुस्ती, या नावाने ती पुन्हा सुरू झाली. त्या रात्री लंडनमध्ये अ‍ॅथॉल ओकली विरुद्ध असिराटी अशी जोड लागली आणि ओकली जिंकला. ओकली हा सरदार घराण्यातला, आणि हा खेळ ब्रिटनमध्ये उभा करणाऱ्यांपैकीही तोच. एवढं कळल्यावर त्या निकालाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. म्हणूनच माझा आग्रह असतो की त्या काळातल्या हार-जितीच्या याद्या वाचून कोण भारी ते ठरवू नये.

तिशीच्या दशकात ऑल-इनमध्ये धिंगाणा इतका वाढला की लंडनच्या कौन्सिलने बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर नौदल अधिकारी लॉर्ड माउंटइव्हान्स यांच्या समितीने नियम घालून दिले, वजनगट आले, फेऱ्या आल्या. या काळात हेवीवेट म्हटलं की असिराटीचंच नाव पुढे असायचं, ब्रिटिश किताबही त्याच्याकडे होता.

मग 1952 मध्ये प्रमुख आयोजकांनी 'जॉइंट प्रमोशन्स' नावाची युती केली आणि धंदा आपसात वाटून घेतला. असिराटी त्यांच्या चौकटीत बसणारा नव्हता. समोरच्याला सांभाळून घेणं हे या धंद्यातलं अर्धं काम, आणि नेमकं तेच तो करत नसे. पकड घट्ट बसली की सोडायचा नाही, दुखवायचा. त्याच्याशी जोड घ्यायला भलेभले नाखूष असायचे. मला त्याचं हे वागणं मुळीच आवडत नाही. ठरवून केलेल्या कुस्तीत समोरचा पैलवान विश्वासाने अंग तुमच्या हातात देतो, त्याला इजा करण्यात कसला पराक्रम? पण त्याच्याकडे खरी ताकद होती की नाही, ही शंका मात्र यातून पार मिटते.

1960 च्या सुमारास शर्ली क्रॅबट्री हा तरुण, धिप्पाड गडी चॅम्पियन म्हणून पुढे आणला जात होता. पन्नाशी ओलांडलेला असिराटी त्याच्या कुस्त्यांना जाऊन सगळ्यांसमोर आव्हान द्यायचा. क्रॅबट्रीने ते कधी घेतलं नाही. तो कुस्तीतून बाजूला झाला, थेट 1972 च्या सुमारास परतला, आणि पुढे 'बिग डॅडी' म्हणून ब्रिटिश टीव्हीवर घराघरात पोचला तो हाच.