पब्लिशचं बटण कुणाच्या हातात?

या वेळी वाचकांचे जे मेल आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीबद्दल होते, एआय एजंट लावून शॉर्ट्स आणि रील्स बनवायचे का, आणि बनवले तर मधे माणसानं नेमकं काय बघायचं. मी स्वतः पुण्यातल्या छोट्या दुकानांसाठी आणि क्लासेससाठी असे व्हिडिओ करते, एजंटही रोज वापरते, त्यामुळे या अंकातली सगळी जागा याच विषयाला दिलीये.

*नमस्कार ताई, आमचं मंडईजवळ मसाले आणि भाजणीचं दुकान आहे, सासूबाईंपासूनचं. भाचा म्हणतो मामी एजंट लाव, रोज पाच रील आपोआप पडतील, तुला फोनला हात लावायला नको. खरंच होतं का असं? आणि करावं का? (एक वाचक, शुक्रवार पेठ)*

होतं. पण भाचा म्हणतोय तसं करू नका.

एजंट म्हणजे काय ते आधी साधं सांगते. चॅटबॉटला आपण विचारतो, तो उत्तर देतो, तिथे संपलं. एजंटला आपण अख्खं काम देतो आणि तो त्याचे तुकडे पाडून एकेक साधन स्वतःच वापरत पुढे जातो, म्हणजे विषय शोधला, स्क्रिप्ट लिहिली, आवाज तयार केला, तुमच्या क्लिप जोडून उभा ९:१६ चा व्हिडिओ केला, कॅप्शन टाकलं आणि अकाउंटची चावी त्याच्याकडे असेल तर अपलोड करून मोकळाही झाला. माझ्याकडे तो ड्राफ्टपर्यंतच जातो. "मला विचारल्याशिवाय टाकू नको" असं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनेत, लिहून बरेच जण निवांत होतात, पण सूचना दहा वेळा पाळली जाते आणि अकराव्यांदा निसटते, तेव्हा पब्लिशची परवानगी त्याला द्यायचीच नाही, ती फक्त तुमच्या फोनवर.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते. दिवाळीच्या तोंडावर एका फराळवाल्या काकूंचा व्हिडिओ होता, कॅप्शनमध्ये नवा दर बरोबर, पण आवाज एजंटनं आदल्या वर्षीच्या स्क्रिप्टवरून उचलला होता, त्यात जुना दर. मी तो बसमध्ये आवाज बंद करून बघितला आणि हो म्हटलं. लोकांनी जुन्या दरानं ऑर्डरी दिल्या आणि काकूंनी त्याच दरानं माल दिला, म्हणाल्या व्हिडिओत बोललोय ना आपण, मग शब्द फिरवायचा नाही. भरपाई मी दिली, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ दोनदा, एकदा आवाज बंद करून फक्त डोळ्यांनी आणि एकदा डोळे मिटून फक्त कानांनी.

कानांनी ऐकणं मराठीत जास्तच गरजेचं आहे. आपल्याकडे च आणि ज दोन-दोन प्रकारचे, भाजीतला ज वेगळा आणि भाजणीतला वेगळा, चहातला च वेगळा आणि चाळणीतला वेगळा, लिहिताना मात्र अक्षर एकच. हिंदीच्या वळणाचा मशीनचा आवाज भाजणी असा काही म्हणतो की गिऱ्हाईक लगेच ओळखतं की हे दुकानातलं माणूस नाही. आकड्यांचंही तसंच, २५० ग्रॅमचं आपण पावशेर म्हणतो किंवा अडीचशे, मशीन दोनशे पन्नास म्हणतं, आणि दीड किलो १.५ लिहिला असेल तर एक पॉइंट पाच. स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरातच लिहा, "दीड किलो", "साडेतीनशे", निम्मा त्रास तिथेच संपतो. आणि खरं तर तुमच्याकडे सासूबाई असतील किंवा तुम्ही स्वतः, तर आवाज तुमचाच द्या, फोनवर रेकॉर्ड करायला पाच मिनिटं लागतात, बाकी जोडकाम एजंटला करू दे.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं. मेथी, हळद, जवस असले शब्द आले की एजंटला औषधी गुण लिहायची भारी हौस, "मेथीची पूड मधुमेह बरा करते" असं तो बिनधास्त लिहितो, कारण इंटरनेटवर तसं लाखो ठिकाणी लिहिलेलं आहे. मधुमेहासारखे आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यानं बंदी आहे. नाव तुमच्या दुकानाचं जाणार, आणि कुणी ते ऐकून गोळी बंद केली तर? असं वाक्य दिसलं की दुरुस्त करत बसू नका, सरळ काढा.

रोज पाच म्हणाल तर तुम्हाला रोज पाच व्हिडिओ असे नीट बघायला वेळ आहे का? नसणार. शांत बसून जेवढे बघून होतात तेवढेच, म्हणजे आठवड्याला तीन असतील तर तीन.

*आदरणीय ताई, मी निवृत्त शिक्षक, नातीच्या मदतीने जुन्या पुण्यावर एकेक मिनिटाचे शॉर्ट्स करतो. परवा एजंटने जळण्याआधीच्या शनिवारवाड्याचा "दुर्मिळ फोटो" टाकला. नातीने दुसऱ्या एआयकडून तपासून घेतले, तोही बरोबर म्हणाला. मला मात्र शंका आहे. (एक वाचक, कर्वेनगर)*

सर, तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे आणि ती तुम्हाला आली म्हणूनच मधे माणूस लागतो. वाड्याचा पाया १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची, आणि मोठी आग १८२८ ची. फोटो काढायची लोकांना वापरता येण्यासारखी पहिली पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ ला. म्हणजे आगीच्या आधीच्या वाड्याचा फोटो असूच शकत नाही, जे काही दिसतंय ते मशीननं काढलेलं चित्र आहे.

दुसरा एजंट बरोबर का म्हणाला? कारण दोघंही साधारण त्याच मजकुरावर शिकलेत, एकाच पुस्तकातून कॉपी केलेल्या दोन मुलांनी एकमेकांचे पेपर तपासावेत तसं ते होतं, तुम्ही वर्गात हे पाहिलंच असेल. दुसरा एजंट शुद्धलेखन, व्हिडिओची लांबी, आवाज आणि कॅप्शन जुळतात का असल्या गोष्टी चांगल्या पकडतो, तेवढं त्याच्याकडून जरूर घ्या. इतिहास मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. मी दोन रकाने करते, डावीकडे स्क्रिप्टमधलं प्रत्येक वाक्य आणि उजवीकडे ते कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते, आणि ते पान मी स्वतः उघडून पाहिलेलं असलं पाहिजे, कारण पुस्तकाचं नाव आणि पान नंबरसुद्धा एजंट मनानं रचून देतो. उजवा रकाना रिकामा राहिला की वाक्य गेलं. पहिल्यांदा अर्धी स्क्रिप्ट उडेल, वाईट वाटून घेऊ नका.

चित्र वापरायचंच असेल तर ते चित्र आहे असं फ्रेमवरच लिहा. खरं वाटेल असं बनवलेलं दृश्य असेल तर यूट्यूब मार्च २०२४ पासून अपलोड करताना तसं जाहीर करायला सांगतं, आणि आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान (आयटी) नियमांतही २० फेब्रुवारी २०२६ पासून असल्या कृत्रिम चित्रं-व्हिडिओंवर ठळक लेबल लागतं. आणि एक विनंती, पानशेतच्या पुराचा भाग कराल तेव्हा, १२ जुलै १९६१ चा, त्याची दृश्यं एआयकडून बनवून घेऊ नका. ज्यांची घरं त्या दिवशी वाहून गेली ती माणसं अजून याच शहरात राहतात, त्यांना मशीननं कल्पनेनं काढलेलं पाणी दाखवणं मला बरोबर वाटत नाही. त्या पुराचे खरे फोटो आहेत, रीतसर परवानगी काढा, आणि नाही मिळाली तर नुसता नकाशा आणि तुमचा आवाजही पुरेल.

कॅप्शनकडेही बघा. सिंहगडाच्या भागात "खोल दऱ्या"च्या जागी "खोल दर्या" पडलं तर गडाखाली समुद्र आला. हा अर्धा ऱ मराठीचा खास, आणि मशीन तो सारखा खातं. काही व्हिडिओ टूल्समध्ये तर जोडाक्षरंच फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते, एजंटच्या मजकुरात सगळं बरोबर असतं आणि पडद्यावर मोडतं, म्हणून तपासायचा तो शेवटचा तयार व्हिडिओ, स्क्रिप्ट तपासून भागत नाही.

*हाय, आम्ही दोघं मित्र बाणेरला छोटी एजन्सी चालवतो. एजंट दिवसाला चाळीस व्हिडिओ रांगेत लावतो, आम्ही अप्रूव्ह करतो. खरं सांगायचं तर दुपारनंतर न बघताच क्लिक होतं. काय करावं? (दोन वाचक)*

खरं लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद, कारण हे सगळीकडे होतं आणि कुणी बोलत नाही. सलग तीस व्हिडिओ ठीक निघाले की एकतिसावाही ठीकच असणार असं मेंदू धरून चालतो, तो काही तुमचा आळस नाही, कुणालाही चाळीस वेळा हो म्हणायला बसवलं तर हेच होणार. त्यामुळे "जास्त लक्ष देऊन बघू" असं ठरवून उपयोग नाही, रांगच छोटी करा. एक मिनिटाचा व्हिडिओ दोनदा बघायचा, दर आणि नावं ताडून पाहायची, म्हणजे पाच-सहा मिनिटं जातात, चाळीसचे झाले चार तास, एवढा वेळ एकाग्रतेनं कोण बसेल?

आमच्याकडे अप्रूव्हच्या आधी एक ओळ लिहावीच लागते, या व्हिडिओत कुठला आकडा किंवा कुठलं नाव आहे ते. व्हिडिओ न बघता ती ओळ लिहिताच येत नाही. आणि आठवड्यातून एकदा आम्ही एकमेकांच्या रांगेत मुद्दाम एक चुकीचा व्हिडिओ घालतो, चुकीचा फोन नंबर असलेला वगैरे, तो सुटला तर त्या दिवसाची संख्या कमी करायची. हा व्हिडिओ चुकून बाहेर जाणार नाही याची सोय मात्र आधी करून ठेवा. नाकारलेल्या व्हिडिओचं कारणही लिहून ठेवा, महिन्यानं ती कारणं एजंटच्या सूचनांमध्ये घातली की त्याच त्या चुका कमी होतात. चेहरे, लहान मुलं, तब्येत, पैसे, यातलं काहीही असेल तर दोघांनीही बघितल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही.

क्लायंटला चाळीस हवेत म्हणाल, तर त्यांना सांगा की एकसारख्या साच्यातल्या घाऊक व्हिडिओंना कमाई द्यायची नाही हे यूट्यूबनं १५ जुलै २०२५ पासून नियमांत आणखी स्पष्ट केलंय. बहुतेक जण ऐकतात.

*एपीआयनं अपलोड केलेले आमचे सगळे यूट्यूब व्हिडिओ प्रायव्हेटच राहतात, एजंट बिघडलाय का? (एक वाचक, चिंचवड)*

नाही बिघडला. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याशी थेट बोलायची वाट, एजंट त्याच वाटेनं यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो. २८ जुलै २०२० नंतर केलेल्या आणि यूट्यूबची तपासणी न झालेल्या एपीआय प्रोजेक्टमधून टाकलेले व्हिडिओ प्रायव्हेटच राहतात. तपासणीसाठी अर्ज करता येतो. घाई नसेल तर एजंटनं फाइल आणि मजकूर फोल्डरमध्ये ठेवावा आणि तुम्ही हातानं अपलोड करावं, मी तर अजूनही असंच करते.

*ताई, बाबा मागच्या वर्षी गेले. आमच्या सायकलच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांना त्यांचा आवाज ओळखीचा आहे. त्यांच्या व्हॉइस नोट्सवरून आवाज क्लोन करून रील्सना दिला तर चालेल का? एजंट करून देतोय, आई काहीच बोलत नाही. (एक वाचक, रास्ता पेठ)*

दादा, हे वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकले नाही. लेबल लावलं तर नियमात कदाचित बसेल. पण त्या आवाजात रोज नवीन वाक्यं येणार, दर, ऑफर, जे बाबा कधी बोललेच नाहीत, आणि ते वाक्य बाबांनी म्हटलं असतं का हे कोण तपासणार? तुम्ही तपासाल ते तुमच्या अंदाजानं. आई गप्प आहेत, त्याला होकार धरू नका, त्यांच्याजवळ बसून विचारा.

माझं मत विचाराल तर क्लोन नको. व्हॉइस नोट्समध्ये बाबा दुकानाबद्दल खरोखर काहीतरी बोलले असतील, ब्रेक कसा घट्ट करायचा, कुणाची सायकल संध्याकाळपर्यंत द्यायचीये, असं काहीही. आई हो म्हणाल्या तर त्यातलं एक वाक्य निवडा, मागचा रस्त्याचा आवाजही साफ करू नका, आहे तसंच लावा आणि खाली ती नोट कुठल्या तारखेची आहे ते लिहा.