यादीत नसलेली ओळ काढायची की ठेवायची?

या वेळचे प्रश्न वाचताना जाणवलं की फ्रेमवर्क प्रत्येकाचं वेगळं आहे पण अडायची जागा एकच. ऑर्डर आणि तिच्याखालचे आयटम, बिल आणि त्याखालच्या ओळी, असं एकात एक (नेस्टेड) असलेलं काही ओआरएममधून, म्हणजे डेटाबेसच्या ओळी कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून वापरू देणाऱ्या लायब्ररीतून, अपडेट करायला गेलं की गाडी अडते. पहिल्या उत्तराला जरा जास्त वेळ देते, कारण बाकीच्यांची मुळं तिथेच आहेत.

हिंजवडीहून एक वाचक लिहितात: मॅडम, मेसच्या डब्यांचं ॲप करतोय, पायथनच्या जॅंगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये. एका ऑर्डरखाली चार-पाच आयटम असतात. एडिट करून सेव्ह केलं की असर्शन एरर येतो, नेस्टेड फील्ड लिहिता येत नाही म्हणतो. शेवटी मी अपडेट मेथडमध्ये जुने सगळे आयटम डिलीट करून नवे टाकायला लागलो. चालतंय, पण बरोबर आहे का?

आज चालतंय, पण बदला, आणि ॲपवर गिऱ्हाईक वाढायच्या आधी बदला. तुम्ही फक्त पोळ्यांची संख्या चारची सहा केलीत तरी पाचही आयटमना नवे आयडी मिळतात. उद्या डिलिव्हरीचं टेबल आयटमच्या आयडीला जोडलंत की फॉरेन कीवर (एक टेबल दुसऱ्याला जोडणाऱ्या कॉलमवर) कॅस्केड असेल तर डिलिव्हरीच्या नोंदीही पुसल्या जातील, प्रोटेक्ट असेल तर डिलीटच होणार नाही आणि ऑर्डर एडिट करणंच बंद पडेल.

आता तो एरर का येतो ते. आवृत्ती ३ पासून फ्रेमवर्कने हे काम मुद्दाम आपल्यावर सोडलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं. बघा, घरून वाण्याकडे सामानाची चिठ्ठी गेली, तासाभराने दुसरी गेली आणि तिच्यात साखर नाही, तर साखर नको झाली की लिहायची राहिली? वाणी फोन करून विचारेल, ओआरएम कोणाला विचारणार? डेटाबेसमध्ये पाच आयटम आहेत, रिक्वेस्टमध्ये तीन आले, उरलेल्या दोनांचं काय करायचं हे तुमच्या धंद्याच्या नियमावर ठरतं, ते कोडमध्ये तुम्हीच लिहायचं.

लिहायचं असं. आधी ऑर्डरचे सध्याचे आयटम आणून आयडीप्रमाणे एका डिक्शनरीत ठेवा, मग आलेली यादी एकेक करून बघा, आयडी आहे आणि डिक्शनरीत सापडला तर तो तिथून काढून घ्या आणि तोच ऑब्जेक्ट बदलून सेव्ह करा, आयडी नाही तर नवा बनवा, आयडी आहे पण या ऑर्डरचा नाही तर सरळ एरर द्या, आणि शेवटी डिक्शनरीत जे उरले तेवढेच काढा. हे सगळं एका ॲटॉमिक ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही), नाहीतर मध्येच काही फाटलं तर अर्धी ऑर्डर जुनी अर्धी नवी.

यात एक जागा अशी आहे की हमखास दोन तास जातात. मॉडेल सिरियलायझर, म्हणजे आलेला डेटा तपासून ऑब्जेक्टमध्ये बदलणारा भाग, आयडी फील्ड आपोआप रीड-ओन्ली धरतो, म्हणजे मोबाइलवरून आयडी नीट येतोय, लॉगमध्ये दिसतोय, पण व्हॅलिडेटेड (तपासून झालेल्या) डेटामध्ये गायब. मग प्रत्येक आयटम नवाच वाटतो. आतल्या सिरियलायझरमध्ये आयडी स्वतः इंटिजर फील्ड म्हणून लिहा, रिक्वायर्ड फॉल्स करून. आणि आयटम खूप असतील म्हणून बल्क अपडेट वापरणार असाल तर लक्षात ठेवा, तो सेव्ह मेथड बोलवत नाही आणि सिग्नलही (सेव्ह झाल्याची जॅंगोची सूचना) पाठवत नाही, त्यामुळे एकूण रक्कम सिग्नलमध्ये मोजत असाल तर ती जुनीच राहील.

अजून एक, हे मी स्वतः भोगलंय. एका क्लायंटच्या कामात मी रिक्वेस्टमधून आयटमची यादी वाचताना डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिली होती. मोबाइल ॲपची जुनी आवृत्ती फक्त बदललेला पत्ता पाठवायची, आयटम पाठवायचीच नाही. सर्व्हरने ते 'आयटम शून्य' असं वाचलं आणि पत्ता बदलणाऱ्या प्रत्येकाच्या ऑर्डरी रिकाम्या झाल्या, बॅकअपवरून एकेक परत भरताना रात्र गेली. तेव्हापासून डिफॉल्ट नन (None, म्हणजे काहीच आलं नाही) ठेवते: यादी आलीच नाही तर हात लावायचा नाही, रिकामी यादी आली तरच सगळं काढायचं.

भोसरीहून, एका वर्कशॉपसाठी जॉब कार्डचं सॉफ्टवेअर करणारे: जावाच्या हायबरनेट ओआरएममध्ये नवी लिस्ट सेट केली की 'कलेक्शन आता मालक एंटिटीकडे नाही' अशा अर्थाचं एक्सेप्शन येतं. मग क्लिअर करून ॲड ऑल केलं तर युनिक कन्स्ट्रेंट तुटतो. जॉब नंबर आणि ओळ क्रमांक मिळून युनिक ठेवलेत.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एंटिटी (टेबलातल्या ओळीचा ऑब्जेक्ट) लोड झाली की हायबरनेट तुमच्या लिस्टच्या जागी स्वतःची लिस्ट ठेवतो आणि कोण आलं कोण गेलं ते तिच्यावरूनच ओळखतो. ऑर्फन रिमूव्हल (लिस्टमधून निघालेली ओळ डेटाबेसमधूनही काढणं) लावलेलं असताना तुम्ही ती लिस्टच बदललीत तर त्याचा हिशोबच तुटतो, म्हणून एक्सेप्शन. लिस्ट तीच ठेवायची, आतला माल बदलायचा.

दुसरं, फ्लश होताना, म्हणजे बदल डेटाबेसला पाठवताना, तो तुमच्या कोडच्या क्रमाने जात नाही. आधी इन्सर्ट, मग अपडेट, डिलीट सगळ्यात शेवटी. म्हणजे जुनी ओळ क्रमांक १ अजून टेबलात बसलेली असताना नवी क्रमांक १ आत शिरते. क्लिअर केल्यावर मध्येच फ्लश करा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, त्याने एरर जातो हे खरं, पण सगळे आयडी बदलतात आणि आपण परत पहिल्या प्रश्नावर येतो. आयडी जुळवून आहे त्याच ओळी बदला. फक्त दोन ओळींची अदलाबदल केली तर अपडेटमध्येही तोच कन्स्ट्रेंट आडवा येतो, पोस्टग्रेस असेल तर तो डिफरेबल करून तपासणी कमिटपर्यंत पुढे ढकलता येते, मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही.

आणि मॅप्ड बाय (नात्याची मालकी ओळीकडे आहे असं सांगणारी सेटिंग) वापरलंय ना, मग लिस्टमध्ये ॲड करताना त्या ओळीवर जॉब सेट करायला विसरू नका, फॉरेन की ओळीच्या बाजूने लिहिली जाते. यासाठी एक छोटी मेथड करा, दोन्ही बाजू एकदम जोडणारी, आणि टीमला तीच वापरायला लावा.

कोथरूडहून: रुबीच्या रेल्समध्ये नेस्टेड ॲट्रिब्यूट्स वापरतेय, प्रत्येक एडिटला ओळी दुप्पट होतात.

कंट्रोलरमध्ये परमिट केलेल्या (फॉर्ममधून घ्यायची परवानगी दिलेल्या) फील्डमध्ये आयडी राहिलाय, तो घाला. आयडी नसला की रेल्स नवी ओळच समजतं. डिलीटसाठी डिस्ट्रॉयची खूणही परमिट करा आणि मॉडेलमध्ये अलाउ डिस्ट्रॉय लावा. पण घाईत सगळंच परमिट करू नका, ही कळकळीची विनंती. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर एकाने फॉर्ममध्ये दुसऱ्याचा यूजर आयडी घालून आपली पब्लिक की (खात्यात शिरायची किल्ली) रेल्सच्याच खात्याला जोडून दाखवली होती. पुढे रेल्स ४ मध्ये स्ट्राँग पॅरामीटर्स (परमिट केलेलीच फील्ड घेणारी सोय) आले, ते याच प्रकारच्या चुकीला आळा घालायला.

सदाशिव पेठेतल्या एका क्लाससाठी काम करणारे: पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये सिंक वापरून विद्यार्थ्यांच्या बॅच अपडेट करतो, काही बॅच आपोआप निघून जातात.

सिंक म्हणजे 'हीच आता पूर्ण यादी' असं सांगणं, जे यादीत नाही ते तो तोडतो. तुमच्या स्क्रीनवर फक्त सकाळच्या बॅच दिसत असतील आणि तेवढ्याच पाठवत असाल तर संध्याकाळच्या जाणारच. नुसतं जोडायचं असेल तर सिंक विदाउट डिटॅचिंग वापरा, काढायला वेगळं डिटॅच.

बिबवेवाडीहून, मंगल कार्यालयाच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर: दोन मॅनेजर एकाच बुकिंगचा मेनू एकाच वेळी बदलतात. बुकिंगवर व्हर्जन कॉलम (प्रत्येक बदलाला वाढणारा आकडा) आहे, जेपीए (जावातलं ओआरएमचं मानक) आहे, तरी अडवत नाही.

अडवणार नाही, कारण मॅप्ड बाय असलेल्या लिस्टमधली ओळ बदलली तरी बुकिंगची रो बदलत नाही, मग तिचं व्हर्जनही वाढत नाही. एकाने जिलबी काढली, दुसऱ्याने मठ्ठा वाढवला, दोघांनाही 'सेव्ह झालं' दिसलं आणि आचाऱ्याच्या हातात जो मेनू गेला तो दोघांपैकी कोणीच ठरवलेला नव्हता. मेनू बदलायच्या ट्रान्झॅक्शनमध्ये बुकिंग आणताना ऑप्टिमिस्टिक फोर्स इन्क्रिमेंट हा लॉक मोड द्या, मग आतली ओळ बदलली तरी वरचं व्हर्जन वाढेल. व्हर्जनचा आकडा स्क्रीनवर पाठवा, सेव्हबरोबर परत घ्या आणि डेटाबेसमधल्याशी स्वतः ताडून बघा, नुसता एंटिटीवर सेट करून भागत नाही. जुळला नाही तर दुसऱ्या मॅनेजरला ताजा मेनू दाखवून परत विचारा, गुपचूप मर्ज करू नका.