आज नव्याने घडवलेलं युरोपियन पोलादी चिलखत अस्सल कामाचं आहे, हे कशावरून ओळखायचं?

पंधराव्या शतकातल्या जर्मन धाटणीचं चिलखत आजही काही कारागीर हाताने घडवतात. त्यात खरं कसब कुठे बघायचं, असं तुम्ही विचारलंय. मी छातीच्या आधी गुडघा बघतो.

गुडघ्याच्या वाटीच्या वर आणि खाली अरुंद पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंना एकेका रिव्हेटवर फिरते. भोक मिलिमीटर-दीड मिलिमीटर जरी चुकलं तरी पाय दुमडताना पट्ट्या अडकतात, नाहीतर फट उघडते. रिव्हेट ठोकताना दोन पट्ट्यांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून मागाहून काढून घेतात, तेवढी जागा हालचालीला पुरते. चांगल्या कामात गुडघा पूर्ण दुमडला तरी आतलं काही दिसत नाही आणि सरळ केला की पट्ट्या गुपचूप एकमेकींखाली सरकतात. हे बघताना मन भरून येतं.

मग जाडी. कारखान्यातून येणारा पत्रा सगळीकडे सारखा असतो. जुन्या चिलखतात छातीचा मध्य जाड, बगलेकडे पातळ आणि हातापायांवर जेमतेम मिलिमीटरभर. म्हणूनच लढाईचं पूर्ण चिलखत १५ ते २५ किलोंत बसायचं.

शिरस्त्राणात ही परीक्षा सगळ्यात कडक. खळग्यात ठेवून आतून ठोकत गेलं की माथा ताणून पातळ होतो, आणि वार बसतो नेमका तिथेच. जाणता कारागीर पत्रा लाल करून गोल ऐरणीवर बाहेरून ठोकतो, कडेचा पत्रा आत गोळा करत आणतो, त्यामुळे माथ्याची जाडी टिकते. सोपा मार्ग म्हणजे दोन अर्धे वेल्ड करून घासणं. आत बॅटरी मारा, जोड बहुतेक वेळा दिसतो. आतले ठोक्यांचे वण मात्र दोष समजू नका, जुन्या नगांतही आतली बाजू ओबडधोबडच असते.

बाहेरची बाजू मठारलेली, म्हणजे हलक्या हातोडीने ठोकून एकसारखी केलेली असते. आपल्याकडे तांबट भांड्यावर मठाराचे ठसे शोभेला ठेवतात, इथे ते पार बुजवायचे असतात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावरून सरकवून बघा. रेघ नागमोडी झाली तर मठार कमी पडलाय आणि उणीव पॉलिशने झाकलीय. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टॉरिशेस म्युझियममध्ये ऑग्सबर्गच्या लोरेन्झ हेल्मश्मिडने १४८० च्या दशकात घडवलेली चिलखतं आहेत. त्यांच्यावरच्या पन्हाळ्या पंख्यासारख्या पसरतात आणि विरत विरत सपाट होतात. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, पन्हाळी पत्र्याप्रमाणे त्या पातळ पोलादाला ताठपणा देतात. नकलेत त्या बहुधा मध्येच बोथट होतात.

पाणी दिलंय का, म्हणजे पोलाद कडक केलंय का, हेही विचारा. साधारण ०.५ टक्के कार्बनचं पोलाद तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढतात. तेलात पातळ पत्रा वाकडा होतो, म्हणून सगळे सांधे आधी तात्पुरत्या स्क्रूंवर जुळवून, सुटे करून पाणी देतात आणि परत जुळवतात. हे टाळलेलं चिलखत दिसायला तेच, पण पोचे लवकर पडतात.

शेवटी अंगात घालणाऱ्याला खुर्चीवर बसवा. छातीचा पत्रा कंबरेच्या सगळ्यात बारीक जागी संपायला हवा, म्हणजे भार खांद्यांबरोबर कमरेवरही येतो. नवशिक्याचा पत्रा चार बोटं खाली उतरतो, आणि बसताक्षणी त्याची वरची कड गळ्याला लागते.