घाटात तापणारी गाडी, रविवारी न उठणारी गाडी

प्रश्न : दादा, आमची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात चिपळूणला माहेरी गेलेलो, परत येताना कुंभार्ली घाटात पुढे लोड ट्रक, मागे आमची रांग, आणि टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. मिस्टरांनी गाडी बाजूला घेतली, अर्ध्या तासाने निघालो तर पाटणच्या पुढे एकदम नॉर्मल! गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलंय, अठरा हजार होतील. काय करू? – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, अठरा हजार अजून पर्समध्येच ठेवा. तुमच्या पत्रातच उत्तर आहे, रांगेत तापली आणि मोकळ्या रस्त्याला थंड झाली. गाडी पळत असली की रेडिएटरमधून वारा आपोआप जातो, पण ट्रकच्या मागे दहाच्या स्पीडने चढताना वारा कुठला, तिथे सगळी भिस्त फॅनवर, म्हणून माझा पहिला संशय फॅनवर.

सकाळी इंजिन गार असताना कूलंटची टाकी बघा, लेव्हल मिन आणि मॅक्सच्या मधे पाहिजे. मग गाडी चालू करून एसी लावा आणि बोनेट उघडून नुसतं बघत उभं राहा (ओढणी लांब ठेवा, हात घालू नका). बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात फॅन फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), वायरचा कनेक्टर, शेवटी मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. कितीतरी गाड्यांत हॉर्नचा रिले सेम असतो, तो काढून फॅनच्या रिलेच्या जागी लावला की दोन मिनिटांत कळतं. फॅन फिरत असेल तर रेडिएटरची जाळी बघा, तुमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे फिरून पाचटाचा भुसा गच्च बसलेला असतो, तो इंजिनकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या पाण्याने धुवायचा.

गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंच असेल तर कूलंट कुठेही न गळता कमी होत राहतं, टाकीत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की लोक घाबरतात, पण पावसाळ्यात गाडी नुसती भाजी आणायला फिरली तरी वाफेने ती धरते, एवढ्यावरून इंजिन खोलू देऊ नका.

आणि एक, गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत प्रेशर असतं म्हणून पाणी 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की एकदम उसळून अंगावर येतं. माझ्या मनगटावर अजून डाग आहे, तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायचो. घाटात परत काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. घाम निघेल पण इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तरी चढतच राहिला तर थांबून इंजिन बंद.

प्रश्न : गाडी फक्त रविवारी निघते. सेल्फ मारला की नुसतं टकटकटक. आठ महिन्यांपूर्वीच नवी बॅटरी टाकली, आता परत टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : थांबा हो काका. भराभर टकटक म्हणजे बॅटरी उतरलीय, एकच मोठा टक आला असता तर मी स्टार्टर बघायला सांगितलं असतं. पण उतरली म्हणजे मेली असं नाही. आधी टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आहे का बघा, असली तर निगेटिव्ह आधी सोडून गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने साफ करा. मग साधा मल्टीमीटर लावा, रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास पाहिजे, 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. गाडी चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दाखवलं तर चार्जिंग ठीक. तेवढं येत नसेल तर डायनामो नाहीतर त्याचा बेल्ट बघा, तिसरी बॅटरी पण तशीच उतरेल. चार्जिंग ठीक असेल तर आठवडाभर कोण करंट पितंय ते शोधा, हल्ली बऱ्याचदा बाहेरून बसवलेला डॅशकॅम निघतो.

प्रश्न : एसी लावला की गाडीखाली पाणी गळतं. – एक वाचक, पनवेल

उत्तर : बोटाला लावून बघा. रंग नाही, वास नाही, चिकट नाही, तर एसीचंच आहे, गळू दे. हिरवं किंवा गुलाबी, बुळबुळीत असेल तर कूलंट. आणि पाणी खाली न पडता आत पायाजवळच्या मॅटवर यायला लागलं तर ड्रेनची नळी चोंदलीय, ती साफ करून घ्या.