किशोरवयीनांचे लैंगिक आरोग्य आणि संगणक अभियंता: एका आईच्या पत्राला उत्तर

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी कलाभवनात, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत, संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने किशोरवयीन मुलामुलींना पाळी, गर्भनिरोधन आणि लैंगिक संसर्ग यांविषयी खात्रीची माहिती देणारे ॲप निवडले असून पुढेही याच क्षेत्रात राहण्याचा तिचा विचार आहे. आईचे प्रश्न तीन आहेत: यात पोट भरेल का, त्यासाठी पुढे काय शिकावे, आणि नातेवाइकांनी विचारले तर काय सांगावे.

ताई, पोट भरेल. मात्र मोठ्या आयटी कंपनीत पहिल्या वर्षी जो पगार मिळतो तो इथे सुरुवातीला बहुधा मिळणार नाही, आणि स्वयंसेवी संस्थांमधील बऱ्याच जागा प्रकल्पाच्या निधीवर, करारावर असतात. हे आधीच मान्य करून निर्णय घ्यावा. कामाची गरज मात्र खरी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, त्यात किशोरस्नेही आरोग्य केंद्रे आली, समवयस्कांशी बोलणारे ‘साथिया’ तयार झाले आणि त्यांच्या मदतीला २०१७ मध्ये मोबाइल ॲपही आले. या यंत्रणेला आणि तिच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांना, रुग्णालयांना, संशोधन केंद्रांना संगणक आणि आरोग्य ही दोन्ही अंगे कळणारी माणसे हवी असतात, आणि तशी माणसे थोडी आहेत.

आता मुलीसाठी लिहितो. ॲप तयार करणे हा या कामातला सोपा भाग आहे. नववीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आण. घरातला फोन दिवसभर आईकडे आणि संध्याकाळी भावाकडे असतो, तिच्या हाती तो अभ्यासाच्या निमित्ताने अर्धा तास येतो. तुझ्या ॲपने रात्री नऊ वाजता त्या फोनच्या बंद पडद्यावर ‘तुमची पाळी पाच दिवस लांबली आहे’ अशी सूचना झळकवली, तर ती पहिल्यांदा भाऊ वाचेल, आणि त्यानंतर त्या मुलीला कदाचित फोनच मिळणार नाही. म्हणून ॲपचे नाव आणि चिन्ह साधे असावे, सूचना मुळातच बंद असाव्यात, नाव-नंबर न देता माहिती वाचता यावी, एका स्पर्शात पडदा बदलता यावा आणि पाळीच्या तारखा भलत्या सर्व्हरवर न जाता फोनमध्येच, पासवर्डमागे राहाव्यात. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी मिस्ड कॉल दिल्यावर परत येणारा ध्वनिमुद्रित संदेश अधिक उपयोगी पडतो, मग तो दिसायला कितीही साधा असो.

मुलांनाही विसरू नकोस. स्वप्नदोष आणि हस्तमैथुन यांच्या भीतीने कितीतरी मुले भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या ‘गुप्तरोग तज्ज्ञां’कडे पैसे घालवतात. हा आजार नाही, हे चार सरळ वाक्यांत सांगणारे कोणी त्यांना भेटत नाही. तुला मराठी, गुजराती आणि हिंदी तिन्ही येतात याचा इथे मोठा फायदा आहे, कारण मुले प्रश्न पुस्तकी शब्दांत टाइप करत नाहीत. ‘पांढरे जाते’ असे लिहिणाऱ्या मुलीलाही ॲपने योग्य पानावर नेले पाहिजे. प्रश्नोत्तरासाठी चॅटबॉट वापरणार असशील, तर त्याचे प्रत्येक उत्तर डॉक्टरांनी तपासलेल्या मजकुरातूनच यावे आणि रक्तस्राव, पोटदुखी किंवा अत्याचार असे काही विचारले जाताच त्याने स्वतः सल्ला न देता माणसाकडे पाठवावे. ही अट मी अजिबात सैल करणार नाही.

कायदाही तुला अभियंता म्हणूनच शिकावा लागेल. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन रुग्णाला दूरस्थ सल्ला देताना सोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते आणि तिची ओळख पटवावी लागते, त्यामुळे तुझे ॲप माहिती देऊ शकते, जवळच्या केंद्राचा रस्ता दाखवू शकते, पण एकट्या मुलाला परस्पर डॉक्टरशी जोडू शकत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संबंधाला संमती कायदा मानत नाही, आणि अशा गुन्ह्याची माहिती ज्याला मिळते त्याला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मग मुलाला ‘सर्व काही गुप्त राहील’ असे वचन देता येईल का? नाही. काय गुप्त राहील आणि काय कळवावेच लागेल, हे त्याने मन मोकळे करण्याआधीच पहिल्या पडद्यावर समजेल अशा भाषेत सांगायला हवे, आणि तो मजकूर वकील व समुपदेशक यांच्याबरोबर बसून ठरवायला हवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अठराखालील सर्वांना बालकच मानतो, त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि त्यांच्या वर्तनाचा माग ठेवण्यावर बंदी घालतो. जी माहिती गरजेची नाही ती गोळाच करू नये, हा त्यावरचा सर्वांत भक्कम उपाय.

शिक्षणासाठी लगेच लांब जाण्याची गरज नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात अभियांत्रिकीबरोबर वैद्यकीय महाविद्यालय, समाजकार्य विद्याशाखा आणि मानवविकास व कुटुंब अध्ययनाचा विभागही आहे, म्हणजे या कामाला लागणारी सगळी माणसे एकाच विद्यापीठात आहेत. वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक आरोग्य विभागाकडून एक सहमार्गदर्शक मिळवावा. शाळेत जाऊन परस्पर प्रश्नावली मात्र वाटू नये. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०१७ च्या नीतिनियमांनुसार अशा संशोधनाला नीतिसमितीची मंजुरी आणि पालकांची संमती लागते, शिवाय बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमतीही. पदवीनंतर दोनएक वर्षे नोकरी करून सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे मला वाटते: गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था किंवा मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. आकडेवारीची आवड असेल तर मुंबईतीलच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहावी.

आणि ताई, नातेवाइकांना ‘मुलगी आरोग्यसेवेच्या सॉफ्टवेअरवर काम करते’ असे सांगा. ते पूर्ण खरे आहे. कोणी अधिक विचारलेच तर विषयाचे नाव न अडखळता घ्या, कारण लपवण्यासारखे त्यात काही नाही. तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे की प्रकल्पाचा पहिला नमुना तयार झाला की तो तुम्ही स्वतः वाचावा आणि तुमची मुलगी चौदा वर्षांची असती तर तिच्या हाती तो दिला असता का, हे तिला स्पष्ट सांगावे; जिथे तुम्हाला संकोच वाटेल ती पाने तिने काढू नयेत, पण कशी मांडावीत याची चर्चा तुमच्याशी आणि सहमार्गदर्शक डॉक्टरांशी करावी.